अंगाला न लागणारं रेशीम

कापड खरं की खोटं हे डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतं. आमच्या धंद्यातली ही पहिली शिकवण. कडेचा एक धागा ओढायचा, काडी लावायची आणि वास घ्यायचा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे भुरभुरीत राख राहते. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि धाग्याच्या टोकाला काळा मणी धरतो. चिमटीत चुरला की त्याचा भुगा होतो. नकली रेशीम मात्र चमकतं रेशमासारखं आणि जळतं कागदासारखं. अशी माणसंही असतात, पण त्यांना काडी लावून बघायची सोय देवानं ठेवलेली नाही.

जालन्याच्या एका मारवाडी सेठजींच्या कापडदुकानात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. मूळचा मी कुंभार पिंपळगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या रानात कापसाचं पीक होतं, पण कापूस एकदा बैलगाडीत भरला की त्याचं पुढे काय होतं याची चौकशी कुणी केली नव्हती. मी दुकानात लागलो तेव्हा आई म्हणाली, "जा, आपला कापूस कुठं जातो ते तरी बघ." मी गेलो आणि धोतरजोड्या, लुगडी, खण आणि मांजरपाट यांच्या थप्प्यांमध्ये जन्मभर बसलो. दिवाळी अंकवाल्यांनी धंद्यातल्या आठवणी मागितल्या तेव्हा हसूच आलं. कापड विकणाऱ्याच्या आठवणी म्हणजे घडी मोडणं आणि घडी घालणं. तरी एक गोष्ट आहे. ती सांगितली नाही तर माझं दुकानात बसणं वाया गेलं असं मला वाटेल.

आधी गिऱ्हाइकांविषयी. कापडदुकानात गिऱ्हाईक गादीवर येऊन बसतं, त्याच्यापुढे एकेक तागा उलगडायचा आणि तोंड बंद ठेवायचं. खेड्यातला माणूस बोटांनी कापड खरेदी करतो. अंतरवाली सराटीकडचे एक पाटील तर मांजरपाटाचा कोपरा तोंडात धरून चावायचे. गिरणी कापडाला खळ लावते, म्हणजे पिठाची पेज. त्यानं विरळ कापड घट्ट वाटतं. पाटील कोपरा चावून म्हणायचे, "माणिकराव, हे नेसायचं हाय का कालवणासंगं खायचं?" अशी गिऱ्हाइकं मला आवडत. ती सगळं विचारत. आटेल का, विटेल का, किती दिवाळ्या टिकेल? पण हे कुठून आलं, कुणाच्या हातून आलं आणि येताना कुणाचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नसे. आम्हालाही ते बरंच होतं, कारण आम्हालाही ठाऊक नव्हतं.

आमचे सेठजी ओसवाल जैन. घराणं मारवाडातून येऊन जालन्यात मुरलेलं. घरात मारवाडी, गादीवर मराठी आणि कचेरीत उर्दू. सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा वर्ज्य, पाणी गाळल्याशिवाय ओठांना नाही. उंबऱ्यात मुंग्यांची रांग दिसली तर सेठजी धोतर सावरून लंगडी घालत पलीकडे जायचे. आणि दुकानातलं सर्वांत मोठं, आरशाचं कपाट रेशमाचं. यात काही खटकण्यासारखं आहे असं सेठजींना कधी वाटलं नाही, मलाही नाही.

त्यांची एकुलती मुलगी कंचन. अठरा सरलेली, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं घोडनवरी. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, औरंगाबादच्या एका चांगल्या घरात तिचं ठरलं आणि टीका, म्हणजे आपला साखरपुडा, झाला. फेऱ्यांच्या वेळचा घागरा आणि ओढणी पसंत करायला तिच्या होणाऱ्या सासूबाई दुकानात आल्या. नाव गुलाबबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपसूक मान हलवावी. सेठजी त्यांना ब्याणजी म्हणत, म्हणजे विहीणबाई. कंचन मागे भिंतीशी बसली होती.

मी कपाटातलं सर्वांत भारी लाल रेशीम काढलं. फेकून उलगडलं तसं ते गादीवरून पाण्यासारखं वाहत गेलं. गुलाबबाईंनी बोटानं चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं. मी ऐटीत एक धागा ओढला, काडी लावली आणि सगळ्यांच्या नाकांसमोरून फिरवला. गुलाबबाई खूश झाल्या.

मागून कंचननं विचारलं, "माणिककाका, केस जळल्यावानी वास कामून येऊन राह्यला?"

"रेशीम किड्याचं असतं ना बाई," मी म्हणालो. "जीव असलेल्या जिनसेचा वास असाच येतो."

"मंग किडा कुठं गेला?"

मी इतकी वर्षं रेशीम विकत होतो. किडा कुठं गेला हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "उडून गेला असंल."

त्या दिवशी दुकानात बंगळूरकडचा एक रेशमाचा दलाल चहा पीत बसला होता. त्याला माझं अज्ञान सहन झालं नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं सांगून टाकलं, की किडा उडून गेला तर कोश फुटतो आणि धाग्याचे तुकडे होतात. सलग धागा पाहिजे तर कोश उकळत्या पाण्यात टाकावे लागतात, किड्यासकट.

"जिवंत?" कंचननं विचारलं.

दलाल हसला. मेलेला किडा कोश कसा विणेल, असं त्याचं उत्तर होतं.

कंचननं त्या लाल रेशमाकडे बघितलं. मग म्हणाली, "आपण पाणी गाळून पितो." एवढंच. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. सेठजींनी मान खाली घातली, त्यावरून त्यांना कळलं असावं. मग तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "आजपासून मला रेशमाचं पच्चखाण."

पच्चखाण म्हणजे त्यागाचं व्रत. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी मीठ सोडतं. एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. ते मोडायला दुसऱ्यानं सांगायचं नाही, सांगितलं तर सांगणाऱ्याला पाप. 

गुलाबबाई पदर सावरत उठल्या. "सेठजी, आमच्या घरात सून रेशमात येती. सुती घागऱ्यात फेरे झाले तर लोक काय म्हणतील? बापाजवळ न्हाई, का सासरच्यांना पोर पसंत न्हाई? पोरीला समजवा. न्हाईतर टीका वापस न्या."

त्या गेल्या. सेठजी गादीवर बसून राहिले. लोड त्यांनी मांडीवर घेतला होता, लहान मूल घ्यावं तसा. टीका मोडलेल्या मुलीला त्या काळी दुसरं स्थळ मिळणं म्हणजे डोंगर चढणं. व्रत मोडा म्हणावं तर धर्म आडवा.

"पोरगी म्हणते तेबी बराबर हाय," ते म्हणाले, "आन ब्याणजी म्हणतात तेबी बराबर हाय. मंग म्या कुठं जाऊ, माणिकराव?"

नकली रेशमाचा विचार आम्ही केला होता. त्यात किडा नव्हता, कंचनची हरकत नव्हती. पण गुलाबबाई मांडवातसुद्धा काडी लावल्याशिवाय राहिल्या नसत्या, आणि कापडवाल्या सेठनं मुलीला नकली नेसवलं ही बोंब पार मारवाडापर्यंत गेली असती. रेशमासारखं चमकेल, पण रेशीम नसेल आणि खोटंही नसेल, असं कापड हवं होतं.

"मी जातो," मी म्हणालो. "अंबडला."

अंबडला हुसेनचाचा म्हणून एक मोमीन विणकर होते. त्यांचं नाव आम्ही सगळे ऐकून होतो, माल मात्र आमच्या दुकानात कधी आला नव्हता. तो थेट हैदराबादेच्या हवेल्यांत जायचा. निजामी गेली आणि त्या हवेल्यांची गिऱ्हाइकीही बसली. सरकारी मोटारीनं मी अंबडला उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो. घर म्हणजे एकच खोली, आणि खोली म्हणजे सगळा माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले चाचा, पांढरी दाढी, आणि मागावर काय तर अंग पुसायचे पंचे. शेजाऱ्यांनी सांगितलं, पंचेही खपत नाहीत; गिरणीचे स्वस्त पडतात. चाचा माग मोडून भिवंडीला कुणा नातेवाइकाकडे जायच्या विचारात होते.

मी त्यांना सांगितलं, "चाचा, नवरीचा घागरा आहे. तिच्या धर्मात रेशीम चालत नाही. पण चमक रेशमाची पाहिजे."

चाचांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांना कुणीतरी ओळखीचं भेटलं. "बस, इतकीच बात?" ते म्हणाले. "अहो माणिकभाई, आमच्याबी धरमात मर्दाला रेशीम मना हाय. आमच्या बापजाद्यांनी त्याचा इलाज कवाच काढून ठेवलाय. तुमच्यात बायकांनाबी मना हाय म्हणता, तर बायकांना लावू. बिलकुल फिकीर करू नका."

मला वाटलं, सुतालाच चमक आणायची काही युक्ती असेल. त्यांना वाटलं, धर्मात चालत नाही म्हणजे आमच्यात चालत नाही तसंच. दोघंही एकच शब्द बोललो, दोघांनीही आपापल्या घरातला अर्थ लावला आणि दोघंही समाधानानं चहा प्यालो.

कापड तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा लग्न पंधरवड्यावर आलं होतं. चाचा स्वतः ते घेऊन जालन्याला आले. पोलीस कारवाईनंतरच्या त्या काळात अंबडच्या बाहेर पडायला ते कचरत, हे मला माहीत होतं. तरी आले, धुतलेला अंगरखा घालून. गुलाबबाईही आल्या होत्या. शेवटचा निकाल त्यांना डोळ्यांनी बघून द्यायचा होता.

चाचांनी गठुडं सोडलं. मी धंद्यातला माणूस, पण मला गादीवरून दोन पावलं मागे सरावंसं वाटलं. लाल, पण नुसतं लाल नाही. आतून पेटलेलं लाल. बारीक पिवळी रेघ, तिच्यावर मुगाएवढे पांढरे ठिपके. हलवलं की उजेड एका कडेहून दुसऱ्या कडेला पळत जायचा. सेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाबबाईंनी काडी लावायला सांगितलं नाही, आणि ते न सांगणं ही केवढी पावती होती ते मी ओळखलं. कंचन पुढे येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिनं कापडावर अलगद हात ठेवला.

मला चेव चढला. "बघा, ब्याणजी, सगळं सूत!" मी म्हणालो, धागा ओढला आणि काडी लावली.

केस जळल्याचा वास आला.

 मी दुसरा धागा ओढला. तोच वास. कंचननं कापडावरून हात काढला.

चाचांना काही कळेना. "रेशीम हाय ना वरून," ते म्हणाले. "असली रेशीम. हे मशरू हाय. बघा." त्यांनी कापड उलटं केलं. आतून ते साधं, मऊ, दुधासारखं सुती होतं. "बाहेर रेशीम, अंदर सूत. अंगाला लागतं ते सूत. रेशीम बदनला लागतच न्हाई! मशरू म्हणजेच जे चालतं ते. नावच तसं हाय, बेटी."

शतकांपूर्वी कुणा विणकरानं ही वाट शोधली होती. धर्म म्हणाला रेशीम अंगाला लावू नका. विणकर म्हणाला, नाही लावत. माणसाच्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं. त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येकाला ती वाट आपल्यासाठीच खोदलेली वाटली. सेठजी घाईघाईनं म्हणाले, "अंगाला लागत न्हाई म्हणतात, बेटा." गुलाबबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "मंग झालं की! त्यांच्या धरमात चालतं तर आपल्यात कामून चालू नये? पोरीचं व्रतबी राह्यलं, आमची शानबी राह्यली."

सगळे कंचनकडे बघत होते. लग्न, बापाची अब्रू, म्हाताऱ्याची मेहनत, सगळं त्या कापडावर मांडलेलं होतं, आणि तिला फक्त मान हलवायची होती.

ती चाचांच्या समोर जाऊन बसली. "चाचा," ती म्हणाली, "तुम्ही लई मेहनत केली. असं कापड म्या जन्मात पाह्यलं न्हाई. पण मला लागतं म्हणून न्हाई सोडलं म्या. त्याला लागतं म्हणून सोडलं."

"किसको?"

"किड्याला."

आपल्या मराठीत लागणं हा शब्द किती कामं करतो! कापड अंगाला लागतं, दगड पायाला लागतो, बोलणं मनाला लागतं. आम्ही सगळे कापड तिला लागतं का हे बघत बसलो होतो. दुसऱ्या टोकाला कुणाला लागतं, हे त्या पोरीशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. 

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना दलालाची गोष्ट सांगितली. कोश, उकळतं पाणी, सगळं.

"जिंदा?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. चाचा आपले तळवे बघत बसले. त्यांच्याकडे रेशीम यायचं ते रंगवलेल्या लड्यांमध्ये. त्याच्या आधीचं त्यांनी बघितलंच नव्हतं, जसा मी कपाटाच्या आधीचं बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता हे चिडणार. माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी कापडाची घडी घातली, निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तशी हळू.

सेठजी म्हणाले, "ठेवा चाचा, विकून टाकू."

"न्हाई सेठ," चाचा म्हणाले. "हे आमच्या गावच्या पीराच्या मजारीवर चादर म्हणून घालतो. ह्याच्यात जे गेले त्यांच्या नावानं." मग कंचनकडे वळून म्हणाले, "बेटी, इतके जण नेसून गेले, आजवर एकानंबी पुसलं न्हाई. तू पुसलंस. लगीन पंधरा रोजावर हाय ना? माग अजून उभा हाय."

गुलाबबाई उठल्या आणि निघून गेल्या. टीका मोडला म्हणाल्या नाहीत, राहिला असंही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या घराकडून पुढे कसलाच निरोप आला नाही. सेठजींच्या घरात पापड लाटणं चालू होतं, पण लाटणाऱ्या बायका गाणी म्हणत नव्हत्या.

त्या पंधरवड्यात हुसेनचाचांनी जे केलं त्यासाठी मी ही आठवण लिहायला घेतली. मी समजलो होतो की आता हे साधं सूत विणतील आणि आणून देतील. चौथ्या-पाचव्या दिवशी चाचा मोटारीनं जालन्यात हजर, हातात काही नाही. "माणिकभाई, बेटीला बोलवा, एक बात पुसायची हाय." कंचन आली. चाचा म्हणाले, "लाल रंगात आम्ही लाख घालतो. कल याद आया, लाखबी किडाच बनवतो. मंग कसं करायचं?"

कंचन बघतच राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं. मग चाचाच म्हणाले, आल नावाच्या झाडाच्या मुळीपासूनही लाल निघतो, पूर्वी त्यांचे आजोबा तो करायचे. पण तुम्ही मुळ्या खात नाही म्हणे, मग मुळीचा रंग चालेल का? कंचन कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "खायला चालत न्हाई चाचा, नेसायला चालते." चाचा खूश होऊन गेले.

दोन दिवसांनी पुन्हा हजर. सूत चमकवायला ते कापड शंखानं घोटत. शंखात जीव असतो. तो आपण होऊन मेला असेल की कुणी मारला असेल, हे त्यांना सांगता येईना. सेठजीसुद्धा विचारात पडले. शेवटी चाचांनीच तोड काढली: नदीतला गुळगुळीत गोटा. "थोडी चमक कम येईल," ते म्हणाले, "पर फत्तर कुणाचा जीव घेत न्हाई." असा माणूस मी पाहिला नव्हता. एका घागऱ्याच्या मागे धागा, धाग्याच्या मागे रंग, रंगाच्या मागे दगड. ते एकेक दार उघडत आत आत चालले होते, आणि प्रत्येक दाराशी थांबून विचारत होते, इथं कुणाला लागतं का? आपण रोज अंगावर घालतो त्या चार हात कापडामागे केवढं मोठं जग उभं आहे, हे मला दुकानाच्या गादीवर बसून पहिल्यांदा दिसलं. मला भीतीच वाटली. देवळात गाभाऱ्यात डोकावताना वाटते तशी.

जाताना ते सहज म्हणाले, "आता रेशमाला म्या हात लावणार न्हाई."

कंचन घाबरली. "चाचा, म्या तुम्हाला न्हाई म्हणलं! म्या तर नुसतं नेसणं सोडलं. तुमची तर सगळी कारागिरी रेशमाची हाय."

"तू न्हाई म्हणलीस, बेटी," चाचा म्हणाले. "पर एकदा ऐकलं, आता कान कसे बंद करू?"

सेठजींनी त्यानंतर दुकानात रेशीम विकणं बंद केलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. नाही केलं. आरशाचं कपाट तिथंच राहिलं आणि मी त्यातून रेशीम काढून दाखवत राहिलो. पोट कुणाला चुकलंय? फरक इतकाच पडला की कपाटाशेजारी एक साधी फळी आली आणि तिच्यावर चाचांचं आतबाहेर सुती मशरू. गिऱ्हाइकानं रेशीम मागितलं की आधी त्या फळीवरचं उलगडायचं, कसं बनलं ते सांगायचं आणि मग त्याला ठरवू द्यायचं, असा शिरस्ता सेठजींनी घातला. निम्मे लोक हसायचे. काही जण मात्र ऐकता ऐकता गप्प व्हायचे, आणि घडी हातात घेऊन जायचे. चाचा भिवंडीला गेले नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात मीही तेच घेतलं. बायको आठवडाभर बोलली नाही, ही किंमत मी आनंदानं दिली.

पण मी पुढे गेलो. लग्न राहिलंच.

वरात येणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आली. वाजत आली, घोड्यावर नवरा, आणि मागे बायकांत घुंघट घेतलेल्या गुलाबबाई. सेठजी त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मुहूर्त गोरजाचा होता. मी मांडवाच्या बाहेर, कनातीशी उभा होतो. हुसेनचाचा माझ्याशेजारी, काखेत गठुडं. सेठजींनी त्यांना आवर्जून बोलावलं होतं, पण सोवळ्याओवळ्याच्या लग्नात आत जायला त्यांचा पाय उचलेना.

कंचन मांडवात आली. तो घागरा रेशमासारखा चमकत नव्हता, खोटं कशाला सांगू. त्याला चमक होती ती घासलेल्या तांब्याच्या हंड्याची, आतून येणारी. बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "सुती दिसतंय!" सेठजींनी डोळे मिटले.

मग गठजोड्याची वेळ आली. नवऱ्याच्या खांद्यावरचा शेला आणि नवरीची ओढणी यांची गाठ मारतात आणि त्या गाठीनं दोघं अग्नीभोवती फिरतात. नवऱ्याचा शेला रेशमाचा होता. याचा विचार कुणी केला नव्हता. आमची सगळी अक्कल घागऱ्यात अडकली होती. भटजींनी शेल्याचं टोक कंचनच्या ओढणीजवळ आणलं. ती काही बोलली नाही, नवरी बोलत नसते. तिनं फक्त ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं. भटजी हळूच म्हणाले, "गाठीपुरतंच आहे, बेटा." मूठ सुटेना.  आता एका वाक्यात सगळं मोडणार होतं.

गुलाबबाई उठल्या. पुढे होऊन त्यांनी आपल्या लेकाच्या खांद्यावरचा रेशमी शेला काढला. मला वाटलं, संपलं. त्याला उठवून घेऊन जातात. पण त्या लेकाला तसाच बसलेला सोडून बायकांमधून, पुरुषांमधून वाट काढत सरळ मांडवाबाहेर आल्या आणि चाचांच्या समोर उभ्या राहिल्या. घुंघटाआड चेहरा दिसत नव्हता. आवाज मात्र तोच होता, फक्त आता तो भरून आला होता.

"भाईजी," त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या खांद्यासाठी, कुणालाच लागलं न्हाई असं काही हाय का तुमच्याजवळ?"

 चाचांनी काखेतलं गठुडं सोडलं. आत त्याच लाल सुताचा एक शेला होता. घागऱ्याचा ताणा उरला होता म्हणून त्यांनी नवरदेवासाठी विणला होता आणि द्यावा की न द्यावा या संकोचात दिवसभर काखेत धरून ठेवला होता. गुलाबबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि परत वळल्या.

दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "गाठ तुमच्या कापडाची," त्या म्हणाल्या, "आन तुम्ही बाहेर कामून? आत या."

चाचांनी चपला काढल्या. मीही काढल्या, आणि आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग आत गेलो.